चिठ्ठीसकट पुढं द्या

माझ्याकडे मोटार नाही. मला मोटार चालवताही येत नाही. तरीसुद्धा रस्त्यात मोटार बंद पडली तर दिवसरात्र मदतीला धावून येणारी एक योजना वर्षभर माझ्या नावावर चालू होती, आणि ती मी स्वतःच्या तोंडानं "व्हय, व्हय" म्हणून घेतली होती. माझा हा मूर्खपणा आमच्या घरी पाहुण्यांना चहाबरोबर वाढला जातो, म्हणून तो मीच सांगून टाकलेला बरा.

तेव्हा मी बेळगावजवळ हिंडलग्यात माडीवर भाड्यानं राहत होतो. रविवारची सकाळ. अर्धी दाढी झालेली, उरलेल्या गालावर फेस, आणि फोन वाजला. उचलला तर पलीकडे आक्का. आक्का म्हणजे आमच्या घरमालकांची थोरली बहीण, खाली त्यांच्याकडेच राहायच्या. "नमस्कार," म्हणाल्या. आज काय एवढं नमस्कारानं, असं मनात आलं, पण थोरल्या माणसाला कारण विचारायची आपल्यात पद्धत नाही. मी म्हटलं, "बोला आक्का." त्या बोलू लागल्या. रस्ता, गाडी, अडचण, मदत असं काहीबाही चाललं होतं. माझं लक्ष आरशात. त्या मधे थांबल्या की मी "व्हय" म्हणायचो. परत थांबल्या की परत "व्हय आक्का". आमच्याकडे आक्का बोलत असली की मधे मधे व्हय म्हणायचं असतं. त्याला संमती म्हणत नाहीत, वळण म्हणतात.

बोलता बोलता मी गॅलरीत आलो आणि खाली बघितलं. अंगणात आक्का मिरच्या वाळत घालत बसल्या होत्या. दोन्ही हात मिरच्यांत. त्यांचा फोन हातभर लांब, कट्ट्यावर पालथा. तोंड मिटलेलं. आणि माझ्या कानात आक्का विचारत होत्या, "आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?"

खालच्या आक्कांनी मान वर केली, माझ्या गालावरचा फेस बघितला आणि हसल्या. आवाज न करता. त्यांना आवाज नव्हताच. घशाच्या ऑपरेशनात तो गेला त्याला तीन वर्षं झाली होती.

मी फोन तसाच खिशात घातला. उरलेली अर्धी दाढी त्या दिवशी झाली नाही.

आता हे समजायचं तर आप्पांकडे यायला हवं. आप्पा म्हणजे आमचे घरमालक. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. उंच, वाळकुडे, बारा महिने खाकी हाफपँट आणि तिच्या खिशात पक्कड, पेचकस, सुतळी आणि पुठ्ठ्याचे तुकडे. मी अकरा वर्षं त्यांना भाडं दिलं आणि अकरा वर्षं त्यांनी मला "पावणं" म्हटलं. पहिल्या महिन्यात मी समजावून बघितलं, "आप्पा, मी भाडेकरू आहे." ते म्हणाले, "असू दे की. भाडं देणारं पावणं कुठं मिळत्यात?"

पुठ्ठ्याच्या तुकड्यांचं प्रयोजन मला बायकोनं खलबत्ता मागून आणला तेव्हा कळलं. बत्त्याला सुतळीनं एक चिठ्ठी बांधलेली होती. तीवर बारीक अक्षरात: *वापरा. सुधारा. पुढं द्या, चिठ्ठीसकट.* खाली, हा खलबत्ता कुणी घडवला, बत्ता तुटला तेव्हा कुणी जोडून दिला, ती नावं. आठ दिवसांनी मी तो घासूनपुसून परत द्यायला गेलो तर आप्पांचा चेहरा उतरला.

"परत कशाला आणलासा?"

"तुमचा आहे ना."

"माझा होता. आता पुढं द्या की कुणाला. वस्तू परत आली म्हंजे ती वाया गेली, पावणं."

त्यांच्या घरातल्या निम्म्या वस्तू अशा गावभर फिरत असत. एक बांबूची शिडी पिरनवाडीला गेली, तिथून कुठं कुठं गेली, आणि चार वर्षांनी एका टेम्पोवरून परत दारात आली. तिला तीन पायऱ्या नव्या होत्या आणि चिठ्ठीवर सात नावं वाढली होती. आप्पांनी ती सातही नावं आल्यागेल्याला वाचून दाखवली, जशी काही घराण्याची वंशावळ. मग शिडी परत धाडून दिली.

एकदा मात्र एका गृहस्थानं त्या शिडीला हिरवा रंग दिला, त्यावर स्वतःचं नाव घातलं आणि चिठ्ठी काढून टाकली. आप्पा सकाळीच त्याच्या दारात जाऊन बसले. भांडण नाही, आवाज नाही. तो बाहेर आला की विचारायचे, "चिठ्ठी कुठं हाय?" तो आत गेला की गप्प. दुपारपर्यंत शेजारपाजारचे पण त्याला तेच विचारू लागले. तो वैतागून म्हणाला, "न्या बाबा तुमची शिडी!" आप्पा म्हणाले, "शिडी कोण मागालंय? चिठ्ठी लाव." त्यानं लावली. आप्पा त्याच्याकडे चहा पिऊन आले.

अशा माणसानं म्हातारपणी संगणक शिकावा आणि त्यातही चिठ्ठ्या बांधाव्यात, यात नवल नव्हतं. बेळगावात अंध मुलांच्या एका शाळेत ते टेलिफोन दुरुस्त करायला जायचे. तिथं मुलांना पुस्तकं वाचून दाखवणारं एक यंत्र होतं. आवाज बाईचा, पण मुलं म्हणायची, ही बाई लांबनं बोलती, आमच्यातली न्हाय. आप्पांनी ते मनावर घेतलं. दोन वर्षं खपून त्यांनी मराठी वाचणारा एक प्रोग्राम लिहिला. त्याला आवाज हवा होता, आणि आवाज घरातच होता.

आक्का विधवा झाल्यापासून निपाणीत विड्या वळायच्या. तिथं बायकांनी आपसात एक सोय केलेली होती: आक्का पेपर नाहीतर पोथी मोठ्यानं वाचणार, आणि त्यांच्या वाटच्या विड्या बाकीच्या वळून देणार. त्यामुळे त्यांचा आवाज वाचनावर घासून लख्ख झालेला. बोरगावच्या आठवडी बाजारापासून परदेशातल्या लढाईपर्यंत सगळं एकाच सुरात, न चढता न उतरता. वाक्य सुरू करायच्या आधी एक छोटा श्वास. बास.

मागच्या खोलीत भिंतींना गाद्या लावल्या गेल्या. दुपारी तीन ते पाच आक्का वाचायच्या आणि आप्पा ध्वनिमुद्रण करायचे. हजारो वाक्यं. त्या वेळात गल्लीत भांडायचं नाही, मसाला कुटायचा नाही, कुकर लावायचा नाही, असा आप्पांचा हुकूम. आमच्या हिनं एकदा विसरून डाळ लावली आणि नेमक्या "किंवा" या शब्दावर शिट्टी झाली. आप्पा वर येऊन एवढंच म्हणाले, "वहिनी, तुम्ही अमर झालासा." वाक्य परत वाचायला आक्कांनी चक्क नकार दिला. "ऱ्हाऊ दे रं. मुलांस्नी वाटंल, घरात बसून ऐकालोय."

मग आप्पांनी ते सगळं, प्रोग्राम आणि आवाज, जगाला मोकळं करून टाकलं. कुणीही घ्या. असल्या दानाचा इंग्रजीत एक मोठा परवाना असतो. तो त्यांनी जोडला, पण वर त्यांची तीच ओळ: वापरा, सुधारा, पुढं द्या, चिठ्ठीसकट. म्हणजे तुम्ही त्यात सुधारणा करून कुणाला दिलात, तर ती सुधारणाही उघडी द्यायची आणि नावंही ठेवायची. प्रोग्रामच्या आत "चिठ्ठी" नावाची एक यादीच होती. कुठल्या कुठल्या गावची माणसं घरबसल्या त्यात दुरुस्त्या करायची आणि यादीत आपलं नाव घालून जायची. आप्पा ती नावं आम्हांला जेवताना सांगायचे, लग्नाला कोण कोण आलं होतं ते सांगावं तशी.

पुढं आक्कांचा घसा बसला तो बसलाच. ऑपरेशन झालं. गळ्याला भोक, त्यावर पांढरा रुमाल. महिनाभर घरात पाटी-पेन्सिल चालली. एके दिवशी मी कामावरून आलो, चपला काढत होतो, तर खालून हाक आली, "चहा घे रं."

मी जागच्या जागी थिजलो. तोच आवाज. हाकेच्या आधीचा तो छोटा श्वाससुद्धा. आत डोकावलो तर आक्का पाटावर बसलेल्या, ओठ मिटलेले, मांडीवर फोन. आप्पांनी प्रोग्राम फोनमध्ये घालून दिला होता. आक्कांनी बोटानं लिहायचं आणि फोननं त्यांच्याच आवाजात बोलायचं. बोलणारं माणूस समोर, आवाज त्याचाच, फक्त तो तोंडातून येत नाही आणि चार वर्षांनी तरुण आहे. सवय व्हायला वेळ लागला. सगळ्यात चमत्कारिक म्हणजे रागावणं. आक्का डोळे वटारून बघत असायच्या आणि फोन बातम्या दिल्यासारखं सांगायचा, "आप्पा, तुला लाज कशी वाटत न्हाय."

तर त्या रविवारी मी फोन खिशात घालून खाली गेलो आणि आप्पांना सगळं सांगितलं. योजनेचं सोडून. तिचं बिल येऊन ते कळायला अजून आठवडा होता.

आप्पा उडालेच. "खरं? लांबच्या लांब गेला की आवाज! आक्का, आगं आक्का, तू फोनवर आलतीस!"

त्या काळात दुसऱ्या मजल्यावर जायला लिफ्ट असलेल्या प्रत्येक इमारतीत आप्पा जाऊन आले असावेत. येऊन सांगायचे, अमुक लिफ्टमध्ये आक्का आहे, तमुक बँकेच्या फोनवर आक्का आहे. सात-आठ दिवस घरात सणासारखं वातावरण. नवव्या दिवशी त्यांना चिठ्ठी आठवली.

शोध घेतला तेव्हा कळलं, हे सगळे आवाज एकाच ठिकाणाहून येत होते. एक मोठी परदेशी कंपनी. ती आपल्या दूरच्या यंत्रांवर हा आवाज ठेवून होती. इकडून मजकूर पाठवायचा, तिकडून बोलणं यायचं, अक्षरामागे दर. तिच्या पानावर आक्कांना एक छानसं फुलाचं नाव दिलेलं होतं. आप्पांचं नाव नव्हतं, चिठ्ठी नव्हती. आपलाच आवाज कशावरून, असं मी म्हटलं, तर हिनं एक लांबलचक "किंवा" असलेलं वाक्य त्या पानावर लिहायला लावलं. आम्ही कान लावले. शब्दाच्या शेपटाला, फार लांबून, डाळ शिजत होती.

"माझा कुकर पण विकला मेल्यांनी," ही म्हणाली.

"मग आता त्यांच्या दारात जाऊन बसायचं?" मी विचारलं.

आप्पांनी खिशातली सुतळी काढून बोटाला गुंडाळली. मग म्हणाले, "न्हाय जमायचं. चूक माझीच हाय. मी काय लिवलोय? शिडी दुसऱ्याला दिलासा तर चिठ्ठी द्या. त्यानं शिडी कुणाला दिलीच न्हाय, पावणं. आपल्या परड्यात उभी केलीया, आपणच चढतोय आणि नारळ काढून विकालाय. नारळाला चिठ्ठी लावा, असं मी कुठं लिवलोय?"

पुढच्या आवृत्तीत त्यांनी ते लिहिलं. असा एक परवाना असतो म्हणे, नारळ विकलात तरी शिडीचा हिशेब उघडा करायला लावणारा. ज्यांनी ज्यांनी दुरुस्त्या केल्या होत्या त्या सगळ्यांना आप्पांनी विचारलं. त्यातले दोघे वारले होते, तर त्यांच्या मुलांना पत्रं लिहिली. पण कंपनीकडे जुनी प्रत होती आणि जुनी प्रत जुन्या शब्दानं दिलेली. "दिलं म्हंजे दिलं," आप्पा म्हणाले, "माघारी घेणाऱ्यातला मी न्हवं." आणि कंपनीनं मधल्या काळात आपल्या यंत्रांवर त्या आवाजाला काय काय शिकवलं होतं. तो आता आर्जव करायचा. किंचित हसायचा. आक्का तसं कधी हसल्या नव्हत्या.

त्याच सुमारास आक्कांना तपासणीला इस्पितळात न्यायचं होतं. आप्पांना ताप, म्हणून मी गेलो. बाहेर पन्नासेक माणसं बसलेली. आधी कानडीत पुकारा व्हायचा, वेगळ्या आवाजात, आणि मग मराठीत आक्का. आमच्या शेजारी आक्का मान खाली घालून बसल्या होत्या, आणि भिंतीतून आक्का एकेकाला आत बोलावत होत्या. माणसं उठत होती, जात होती. मग तो छोटा श्वास आला आणि एका बाईचं पूर्ण नाव पुकारलं गेलं. इतक्या वर्षांत मी आक्कांचं नाव पहिल्यांदा ऐकलं, तेही त्यांच्याच आवाजात. "कक्ष क्रमांक तीनमध्ये यावे."

आक्का उठल्या नाहीत. भिंतीनं पुन्हा पुकारलं. त्यांनी माझा हात घट्ट धरला. तिसऱ्यांदा पुकारल्यावर नर्सच बाहेर आली, "आजी, ऐकू येत नाही का?" घरी आल्यावर त्यांनी फोनवर बोट फिरवलं. फोन म्हणाला, "दुसऱ्या कुणी बोलावलं असतं तर नको म्हटलं असतं. आपणच आपल्याला नको कसं म्हणायचं?"

यानंतरची गोष्ट हळूहळू झाली, म्हणून लक्षात आली नाही. आप्पांच्या यादीत नवी नावं यायची थांबली. कंपनीचा आवाज तयार मिळत होता, बिनखोटीचा. मग आप्पांचा मोडका प्रोग्राम दुरुस्त करत कोण बसणार? पूर्वी आठवड्याला दोन-तीन माणसं यायची, मग महिन्याला एक, मग कुणीच नाही. जेवताना आप्पांकडे सांगायला नावं उरली नाहीत.

आणि एके दिवशी आक्कांच्या फोननं रात्रीत स्वतःला नवं करून घेतलं, फोन घेतात तसं. सकाळी त्या हिला वरणफळांचं काहीतरी सांगत होत्या. फोन म्हणाला, "त्यात थोडं," आणि थांबला. पुढं काय घालायचं ते कधीच आलं नाही. जुना प्रोग्राम नव्या फोनवर चालेना.

घर गप्प झालं. आक्कांनी पाटी काढली, पण बोटं आता थरथरायची, अक्षर लागेना. आप्पा दुरुस्तीला बसले तर त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला. शेवटी एका दुपारी त्यांनी कंपनीलाच फोन लावला. म्हणाले, चिठ्ठी नको, आवाज नको, यात काय बिघडलंय तेवढं सांगा म्हणतो. फोन मोठ्यावर ठेवलेला, आक्का शेजारी बसलेल्या.

पलीकडून तो श्वास आला. "नमस्कार. मी आपली काय मदत करू शकते?"

आप्पांनी एकदा बहिणीकडे बघितलं आणि एकदा फोनकडे. "आक्का," त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मी बोलालोय."

"क्षमस्व, मला समजलं नाही. कृपया पुन्हा सांगा."

"आगं मी आप्पा."

"क्षमस्व, मला समजलं नाही."

आक्का उठून परसात निघून गेल्या. आप्पा तसेच बसले. माणूस मिळेपर्यंत थांबा असं ती म्हणत होती, आणि ते थांबले. तासभर. माणूस मिळालं नाही. मधे त्यांनी दोनदा अगदी हळू विचारलेलं मी ऐकलं, "चिठ्ठी कुठं हाय?" तिनं दोन्ही वेळा आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे असं सांगितलं.

मला ते बघवेना, आणि माझ्या हातून चांगल्या हेतूनं जे जे होतं त्यातलं आणखी एक झालं. आक्कांचा मुलगा बेंगळुरूला संगणकाच्याच नोकरीत. त्याला फोनवर विचारून विचारून मी आप्पांच्या नकळत कंपनीचा तो आवाज आक्कांच्या फोनवर चालू केला. महिन्याचं भाडं माझ्याकडे. म्हटलं, बाईला बोलता तर येईल.

दुपारी पानं वाढलेली. आप्पा संगणकासमोरून उठत नव्हते. आक्कांनी फोन घेतला आणि रोजचंच लिहिलं, "आप्पा, जेव रं, किती येळ झाला." मी बघत होतो, एवढंच लिहिलं. फोन गोड आवाजात, शेवटी किंचित हसून म्हणाला, "आप्पा, कृपया जेवून घ्यावे. बराच वेळ झाला आहे."

भाषा आपोआप सुधारून घेणारं एक बटण त्यात असतं. मला ते ठाऊक नव्हतं. कुणाला काय काय ठाऊक असणार?

आप्पा वळले. त्यांना अंधुक दिसायचं, त्यामुळे आक्का कुठे आहेत हे त्यांनी चाचपल्यासारखं बघितलं. मग उभे राहिले, परक्या घरच्या बाईपुढं उभं राहावं तसे, आणि अदबीनं म्हणाले, "व्हय बाई. जेवतो की."

थट्टा नव्हती ती. थट्टा असती तर बरं झालं असतं. आक्कांच्या हातातून फोन ताटात पडला. त्यांनी पाटी ओढली आणि मोठं मोठं लिहून त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं: *ही मी न्हवं.*

त्या दिवसापासून तीन ते पाच मी मागच्या खोलीत बसू लागलो. आप्पांना दिसत नव्हतं आणि मला कळत नव्हतं. तेव्हा मी प्रोग्राम ओळीनं वाचायचा आणि त्यांनी डोळे मिटून ऐकायचा. "कंस उघडा, कंस, अजून एक कंस, शून्य, कंस मिटवा..." मी हे सत्यनारायणाच्या पोथीसारखं वाचायचो. एकदा चार ओळी गाळल्या तर आप्पा म्हणाले, "पावणं, मघाचा एक कंस उघडाच ऱ्हायलाय, वारं येतंय." साडेतीन आठवडे लागले. चूक सापडली ती एका ओळीत. दुरुस्त झाल्यावर त्यांनी यादी उघडायला लावली आणि माझ्याच हातानं लिहून घेतलं: *वाचन, माडीवरचे पावणे.* माझं नाव कुठंही लागायचं असेल तर ते असंच लागावं.

आक्कांनी फोन हातात घेतला. इतक्या दिवसांचं बोलणं साठलेलं. आम्ही वाट बघत उभे. श्वास आला आणि जुना सपाट आवाज म्हणाला, "पावण्या, लुंगी नीट नेस." आप्पा इतके हसले की त्यांना बसवून पाणी द्यावं लागलं.

त्याच वर्षी मार्गशीर्षात आप्पा गेले. सकाळी खुर्चीत बसले होते, गुडघ्यावर पुठ्ठा, हातात सुतळी. चहा निवला तेव्हा कळलं.

दुपारपर्यंत आक्कांचा मुलगा आला. ओसरीवर गल्लीतल्या बायका दाटीनं बसलेल्या. आमच्याकडे मेलेल्या माणसाला बोलून रडतात. त्याचं काय काय आठवतं ते हेल काढून सांगायचं असतं, आणि पहिला हेल बहिणीचा. बहीण बोलल्याशिवाय बाकीच्यांनी कसं रडायचं? सगळ्या आक्कांकडे बघत होत्या. आक्का भिंतीला टेकून बसलेल्या, मांडीवर फोन. त्या फक्त लिहीत होत्या. बराच वेळ लिहीत होत्या.

मुलगा त्यांच्याजवळ वाकला. त्याचे डोळे सुजलेले, मामाचा लाडका तो. हळूच म्हणाला, "आई, तुझ्या ह्या आवाजाला रडता येत न्हाय गं. त्या दुसऱ्याला येतंय आता. लावून देऊ?"

आक्कांनी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या गालावरून हात फिरवला आणि मान हलवली. मग फोन वर उचलून धरला.

छोटा श्वास आला. आणि पेपर वाचावा तसा, न चढता न उतरता, आवाज बोलू लागला.

"माझ्या राजा. मला न सांगता कुठं निघालास. शिडी धाडलीस गावाला. तू कशावर चढलास. माझा आवाज वाटलास जगाला. आता मला आक्का म्हणायला कुणाला ठेवलास."

प्रत्येक ओळीनंतर तो थांबत होता, पूर्णविरामाला थांबतो तेवढाच. ओसरीवर कुणी हालत नव्हतं. आक्कांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, खांदे गदगदत होते, आणि आवाज कोरडा ठणठणीत, कालची बातमी सांगितल्यासारखा. "शेवटचा चहा निवला रे. तू उठला न्हाईस." तेवढ्यात कोपऱ्यातल्या एका म्हातारीनं ती ओळ उचलली आणि हेल काढला. मग दुसरीनं. मग सगळी ओसरी. आवाजानं एक ओळ वाचायची आणि बायकांनी ती रडायची, असं शेवटपर्यंत चाललं.

संध्याकाळी सगळं आटोपून आम्ही वर आलो. हिनं दिवा लावला, पण चूल पेटवली नाही. माझा फोन खिशात वाजला. अनोळखी नंबर. मी तो तसाच वाजू दिला. थांबल्यावर ही म्हणाली, "अहो, त्या फोनमधल्या आक्कांना कुणी सांगितलं असंल का हो, भाऊ गेला म्हणून?"